शरीर नावाचे यंत्र : मुंगीपासून हत्तीपर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मसुदा)



कार्यकारिणीने यंदा मला बोलायला उभे करताना एक प्रेमळ अट घातली आहे, "रेल्वे सोडून काहीही बोला!" मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. गेली वीस-बावीस वर्षे डब्यांचे ब्रेक, चाके आणि बेअरिंग यांच्यात रमलेला. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण वाचनाची आवड आहे आणि यंत्र दिसले की ते उघडून पाहण्याची खोड आहे. प्राण्याचे शरीर हेही एक यंत्रच, आणि तेही असे की बनवणाऱ्याने त्याचे शेकडो नमुने काढून ठेवले आहेत. म्हणून आज हा विषय घेतला. अट पाळण्याचा प्रयत्न करतो, पण शेवटी गाडी रुळावर येणारच, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय सुचला तो एका प्रश्नावरून. आपल्या कोईमतूरहून पालक्काडकडे जाताना मदुक्कराई, एट्टिमडाई, वालयार हा डोंगरालगतचा पट्टा लागतो. तो हत्तींच्या येण्याजाण्याचा मार्ग आहे. तिथे गाडीखाली हत्ती सापडल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर, शेजारीपाजारी, आपल्या बैठकीतसुद्धा मला हमखास विचारतात, "अहो साहेब, एवढी मोठी गाडी येते, एवढा आवाज होतो, मग हत्ती बाजूला का होत नाही? एवढा बुद्धिमान प्राणी ना तो?" याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडे मुंगीपासून निघावे लागते.

कामे तीच, व्यवस्था वेगळी

कोणताही प्राणी घ्या. त्याला प्राणवायू आत घ्यायचा असतो, अन्न पचवायचे असते, हे दोन्ही शरीरभर पोचवायचे असते, स्वतःचे वजन पेलायचे असते आणि बाहेर काय चालले आहे याची खबर ठेवायची असते. कामे सगळ्यांना हीच. पण ती करण्याची व्यवस्था प्रत्येक गटाची निराळी आणि या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे आकार.

आम्हा इंजिनियर मंडळींना एक हिशेब पाठ असतो. एखादी वस्तू त्याच घडणीत दुप्पट लांबीची केली, की तिचे पृष्ठफळ चौपट होते, पण वजन होते आठपट. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हा मुद्दा मांडला आणि मोठ्या प्राण्याचे हाड लहान प्राण्याच्या हाडापेक्षा प्रमाणाबाहेर जाड का असावे लागते, हे दाखवले. मुंगी मोठी करून हत्तीएवढी केली तर ती हत्तीसारखी चालणार नाही, जागच्या जागी कोसळेल. श्वासही घेऊ शकणार नाही.

हवा कशी खेळते?

सर्वांत साधी व्यवस्था चपट्या कृमींची. त्यांना फुप्फुस नाही, हृदय नाही, रक्त नाही. अंग कागदासारखे पातळ असल्याने प्राणवायू कातडीतून झिरपत आत जातो. पण असा झिरपा साधारण मिलिमीटरभर अंतरापर्यंतच कामाचा असतो. म्हणून हा प्राणी चपटाच राहिला. गांडूळ जाडीला थोडे अधिक. तेही कातडीनेच श्वास घेते, पण आतला प्राणवायू वाहून न्यायला त्याच्याकडे लाल रक्त आणि नळ्या आहेत. कातडी कोरडी पडली की गांडूळ गुदमरते. त्याचे ओलेपण हेच त्याचे फुप्फुस.

आता आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात राहणारा परिचित पाहुणा, म्हणजे झुरळ. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. तिथून बारीक नळ्यांचे जाळे थेट पेशींपर्यंत जाते. आमच्या गाडीत जसा हवेचा पाइप इंजिनापासून प्रत्येक डब्याच्या ब्रेकपर्यंत जातो, तसेच. त्यामुळे झुरळाच्या रक्ताला प्राणवायू वाहण्याचे कामच नाही आणि म्हणून ते लाल नसते. डोके तुटलेले झुरळ काही दिवस जगते त्याचे एक कारण हेच, की त्याचा श्वास नाकातोंडावर अवलंबून नाही. पण ही व्यवस्था लहान अंगालाच परवडते. नळी जितकी लांब, तितकी तिच्यातून हवा पुढे सरकणे अवघड. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पंखांचा पसारा दोन फुटांहून जास्त असलेले, चतुरासारखे दिसणारे कीटक होते. त्या काळी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, म्हणून ते एवढे वाढू शकले असावेत, असा शास्त्रज्ञांचा एक कयास आहे.

माशाची अडचण वेगळी. लिटरभर हवेत जितका प्राणवायू असतो, त्याच्या साधारण तिसावा हिस्साच लिटरभर पाण्यात मिळतो. म्हणून माशाच्या कल्ल्यांमध्ये पाणी एका दिशेने वाहते आणि रक्त नेमके त्याच्या उलट दिशेने. कारखान्यातल्या उष्णता-विनिमय यंत्रात आपण हीच युक्ती वापरतो. दोन प्रवाह समोरासमोर ठेवले की शेवटपर्यंत देवाणघेवाण चालू राहते. मासा पाण्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू अशा रीतीने काढून घेऊ शकतो.

बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही आणि श्वासपटलही नाही. तो गळा खाली-वर करून हवा आत ढकलतो. गलाईच्या धंद्यातल्या आपल्या सांगलीकडच्या मंडळींना वेगळे सांगायला नको, भट्टीचा भाता चालतो तसाच हा प्रकार. शिवाय बेडूक ओल्या कातडीनेही श्वास घेतो.

आणि पक्षी! पक्ष्यांची व्यवस्था पाहून माझ्यासारखा एअर ब्रेकवाला थक्क होतो. आपण ज्या वाटेने हवा आत घेतो त्याच वाटेने बाहेर सोडतो. म्हणजे एकेरी मार्गावर गाडी नेऊन तीच परत आणण्यासारखे. त्यामुळे आपल्या फुप्फुसात थोडी शिळी हवा नेहमी शिल्लक राहते. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या, बहुधा नऊ, हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्या योगाने हवा फुप्फुसातून एकाच दिशेने जाते आणि एकदा घेतलेली हवा बाहेर पडायला दोन श्वास लागतात. हिवाळ्यात आपल्या तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या कूंतनकुळमला पट्टकादंब हंस येतात. हे पक्षी हिमालय ओलांडतात आणि सात हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर त्यांच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. तिथे आपल्याला चार पावले चालताना धाप लागेल.

मात्र यावरून पक्ष्याचे फुप्फुस श्रेष्ठ आणि बेडकाचे कनिष्ठ, असे समजू नका. पक्ष्याला उड्डाणासाठी भरपूर प्राणवायू लागतो, त्यासाठी तेवढा खटाटोप. महिनोन्‌महिने चिखलात दबून बसणाऱ्या बेडकाला त्या यंत्रणेचा खर्च परवडणार नाही.

पंपांच्या शहरात पंपाविषयी

कोईमतूर म्हणजे पंपांचे आणि मोटारींचे शहर. आपल्यातले कितीतरी जण त्या कारखान्यांत आहेत. हृदय म्हणजे पंपच. माशाचा पंप दोन कप्प्यांचा असतो. रक्त हृदयातून कल्ल्यांत आणि तिथून पुढे शरीरात जाते. कल्ल्यांच्या बारीक नळ्यांतून जाताना दाब बराच खर्ची पडतो. पाण्यात तरंगणाऱ्या, थंड रक्ताच्या माशाला तेवढ्यावर भागते. बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे. त्यात शुद्ध आणि अशुद्ध रक्त थोडेफार मिसळते. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे चार कप्प्यांचे, म्हणजे जणू दोन स्वतंत्र पंप एकाच घरात बसवलेले. एक फुप्फुसासाठी कमी दाबाचा आणि दुसरा शरीरासाठी जास्त दाबाचा. मगर ही सरपटणाऱ्यांतली, पण तिचेही हृदय चार कप्प्यांचे आहे.

जिराफाला मेंदूपर्यंत रक्त चढवायचे असते, म्हणून त्याचा रक्तदाब आपल्या जवळजवळ दुप्पट असतो. आपल्याला तेवढा असता तर डॉक्टरांनी तातडीने दाखल करून घेतले असते! गंमत म्हणजे, जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही मणके सातच असतात. उंदराच्या मानेत सात आणि आपल्या मानेतही सातच. सांगाडा एकच, मापे तेवढी बदललेली.

पंपाचा वेगही आकारावर ठरतो. आपले हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा धडधडते, हत्तीचे साधारण तीस वेळा. चिचुंद्रीच्या कुळातल्या इवल्याशा प्राण्यांत हा आकडा हजारावर जातो. निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके समुद्रात पहिल्यांदा मोजल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. खोल बुडी मारल्यावर ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते.

आता आपला हत्ती

एवढे फिरून आल्यावर आता हत्तीकडे येऊ. ज्याच्या मस्तकाची आपण इथे रोज सकाळ-संध्याकाळ आरती करतो, त्याचे शरीर आतून कसे आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते.

पहिली गोष्ट त्याच्या पायांची. हत्तीचे वजन तीन-चार टन, मोठ्या नराचे त्याहूनही जास्त. गॅलिलिओच्या हिशेबाप्रमाणे एवढे वजन पेलायला पायाची हाडे जाड आणि खांबासारखी उभी, एकावर एक रचलेली हवीत. तशीच ती आहेत. तळपायात चरबीची जाड गादी आहे, ती धक्के झेलते. आमच्या बोगीतल्या स्प्रिंगसारखी. पण या रचनेची किंमत अशी, की हत्तीला उडी मारता येत नाही. मांजर गुडघे दुमडून झेप घेते, हरीण कुंपणावरून जाते. हत्ती चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलू शकत नाही. २००३ साली थायलंडमधल्या हत्तींचा वेग मोजला, तेव्हा सर्वांत वेगवान हत्ती ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरला.

दुसरी गोष्ट पोटाची. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. ती खाते, मग निवांत बसून रवंथ करते आणि गवतातले सत्त्व नीट काढून घेते. हत्तीचे तसे नाही. त्याचे पोट साधे आहे. चारा आंबवण्याचे काम मागच्या मोठ्या आतड्यात होते आणि चारा तिथून लवकर पुढे सरकतो. खाल्ल्यापैकी निम्म्याहून कमीच पचते. म्हणून त्याला रोज दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो आणि दिवसाचे बहुतेक तास खाण्यातच जातात. एका जागी बसून एवढा चारा मिळणार कुठून? तेव्हा हत्तीला फिरावेच लागते. "हत्ती जंगलात का थांबत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आतड्यात आहे.

तिसरी गोष्ट श्वासाची. इतर जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक पातळ पोकळी असते. हत्तीत ती नाही. त्याचे फुप्फुस लवचीक तंतूंनी छातीला चिकटलेले असते. सोंड नळीसारखी वर धरून हत्ती पूर्ण पाण्याखाली चालतो, तेव्हा छातीवर पाण्याचा दाब असतो आणि आत येणारी हवा मात्र वरची, साध्या दाबाची. या फरकाने आपल्या तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असत्या. हत्तीचा बचाव या घट्ट जोडणीमुळे होत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

चौथी गोष्ट खबर ठेवण्याची. आपण डोळ्यांवर चालणारे प्राणी. हत्ती नाक आणि कान यांवर चालतो. आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी जनुके दोन हजारांच्या घरात आहेत, माणसात चारशेच्या आसपास. माणसाला ऐकू न येणारे खर्जातले आवाज हत्ती काढतात आणि ऐकतात, हे केटी पेन या अमेरिकी संशोधिकेने १९८४ साली पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयातल्या आशियाई हत्तींवरून ओळखले. जमिनीतून येणारी कंपनेही हत्तीला पायांतून कळतात. नजर मात्र बेताची.

मग तो बाजूला का होत नाही?

आता त्या प्रश्नाकडे वळू. हत्तीला गाडी ऐकू येते, बहुधा आपल्या आधी येते. अडचण ऐकण्याची नाही. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी दहा सेकंदांत दोनशे ऐंशी मीटर जवळ येते. हत्तीच्या जगात एवढे वजन एवढ्या वेगाने कधी आलेच नव्हते. वेगाचा अंदाज बांधण्याची गरजच त्याला लाखो वर्षांत पडली नाही.

शिवाय हत्ती पळून वाचणारा प्राणी नाही. हरणाचे शरीर पळण्यासाठी घडले आहे, हत्तीचे उभे राहण्यासाठी. संकट आले की कळपातल्या मोठ्या माद्या पिलांना मध्ये घेतात आणि पाय रोवून उभ्या राहतात. वाघासमोर हा उपाय अचूक आहे. रुळावर तोच जिवावर बेततो. त्यातून रूळ खोदलेल्या घळीतून किंवा उंच भरावावरून जात असेल, तर उडी मारून सुटण्याची सोय त्या खांबासारख्या पायांत नाही. उताराची जागा शोधण्याइतका वेळ नसतो. रात्र असते, वळण असते. लोको पायलटला हत्ती दिसेपर्यंत गाडी थांबवण्याचे अंतर उरलेले नसते. ब्रेकचे काम करणारा माणूस म्हणून सांगतो, कळ दाबताच गाडी थांबत नाही. इमर्जन्सी ब्रेक लावल्यावरही ती कित्येकशे मीटर पुढे जाते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याजवळच नवक्कराईला एकाच वेळी तीन हत्तिणी दगावल्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा प्रसंगानंतर लोको पायलटलाही झोप लागत नाही, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसते.

म्हणजे हत्ती मूर्ख नाही आणि चालकही निर्दय नाही. आपण जो रूळ टाकला तो आपले डोळे, आपले पाय, आपली चपळाई गृहीत धरून. तिथून ये-जा करणाऱ्याचे शरीर वेगळे आहे, हे लक्षात घ्यायला उशीर झाला.

शरीर ओळखून केलेले उपाय

समाधानाची गोष्ट ही, की आता जे उपाय चालले आहेत त्यांत हत्तीच्या शरीराचा विचार आहे. २०१७ साली ईशान्य सीमा रेल्वेने फाटकांजवळ मधमाश्यांच्या गुणगुणण्याचा आवाज लावायला सुरुवात केली. जाड कातडीच्या हत्तीला मधमाशीची भीती असते, कारण डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत तिचा दंश त्याला सहन होत नाही. इथे त्याच्या कानाचा उपयोग झाला. त्याच रेल्वेवर रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची कंपने ओळखून इशारा देणारी यंत्रणाही बसवण्यात येत आहे. हत्ती जे आपल्या तळपायाने करतो, ते आता आपण काचेच्या तंतूने करू लागलो.

आपल्या मदुक्कराईला २०२४ च्या फेब्रुवारीत वनखात्याची यंत्रणा सुरू झाली. बारा मनोऱ्यांवर चोवीस कॅमेरे आहेत. त्यांतले काही उष्णता टिपणारे असल्याने मिट्ट काळोखातही हत्तीचे उबदार शरीर दिसते आणि संगणक ते ओळखून पुढे निरोप धाडतो. याच पट्ट्यात हत्तींसाठी रुळाखालून मार्ग काढले आहेत, तेही त्यांच्या चालीला मानवतील असे, पायऱ्या नसलेले आणि ऐसपैस. खर्चाचे काम आहे, पण एवढे मोठे आतडे घेऊन फिरणाऱ्या प्राण्याला "इकडे येऊ नकोस" म्हणून चालत नाही. त्याला वाटच द्यावी लागते.

शेवटी आपल्या हातातली एक गोष्ट. गणपतीला, दिवाळीला आपण सगळे गावी जातो-येतो. कोणी मंगळूर, केरळकडेही जाते. खिडकीतून केळीची साले, उरलेला भात, फराळाच्या पिशव्या बाहेर फेकू नका, त्या पट्ट्यात तर मुळीच नको. ज्याचे नाक आपल्याहून कितीतरी पट तिखट आहे, त्याला रुळावरच्या केळ्याचे बोलावणे फार लांबून कळते. डब्यात कचऱ्याची पेटी असते, ती वापरा. बालमित्रांनो, मोठे विसरले तर तुम्ही आठवण करून द्यायची.

 रेल्वेवर न बोलण्याची अट थोडी मोडली, त्याबद्दल प्रसादाचे दोन मोदक कमी द्यावेत, तक्रार नाही.

गणपती बाप्पा मोरया!